आवडत्या थीम पार्कला 'आता पुरे' कधी म्हणायचं

डिसेंबर जवळ आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, मग यंदा इमॅजिका कधी? इमॅजिका म्हणजे खोपोलीजवळचं थीम पार्क, आणि प्रश्न जायचं का असा नाही, कधी. इतकी वर्षं हा प्रश्न बदलला नव्हता आणि २०२४ ला पहिल्यांदा असं झालं की कोणी उत्तरच दिलं नाही, सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या आणि बास, शांतता. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पार्कात जायचं कसं याचे हजार व्हिडिओ आहेत, सकाळी किती वाजता पोचा, कुठली राईड आधी करा, डबा आत नेता येतो का, पण जायचं थांबवायचं कसं हे कोणी सांगत नाही. म्हणून आमच्या घरात जे झालं त्यावरून लिहितेय. तुमचं पार्क वेगळं असेल, बंगलोरचं वंडरला असेल, हैदराबादचं रामोजी असेल, हिशोब साधारण हाच.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे पार्क बिघडायची वाट बघू नका. बहुतेक लोक तेच करतात, म्हणजे एखादा दिवस वाईट जातो, भांडण होतं आणि मग "परत पाय ठेवणार नाही" म्हणून बाहेर पडतात. आम्ही पण एकदा केलंय, एका वॉटर पार्कात (नाव नको) दोन मोठ्या स्लाईड बंद होत्या, तिकीट काढल्यावर कळलं, काउंटरवर नवऱ्याने अर्धा तास वाद घातला आणि घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. रागात घेतलेल्या निर्णयाचं काय होतं माहितीये का, राग सहा महिन्यात उतरतो आणि आपण परत तिकडेच जातो, किंवा उतरतच नाही आणि आधीच्या चांगल्या दिवसांवर पण तो डाग पडतो. त्यामुळे वाईट दिवसानंतर निदान महिनाभर काही ठरवायचं नाही. आमचं इमॅजिका थांबलं तेव्हा पार्कचं काहीही चुकलं नव्हतं. बदललो आम्ही.

आता दुसरा प्रकार असतो तो म्हणजे न ठरवता थांबणं. माझं एस्सेल वर्ल्डचं तसंच झालं. ते १९८९ ला गोराईला सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होते, डोंबिवलीहून मालाड, तिथून मार्वे, मग बोट, तो सगळा प्रवास म्हणजेच अर्धी पिकनिक. बोट दिसली की पोटात गुदगुल्या. १९९८ ला शेजारी वॉटर किंग्डम आलं, मी तोपर्यंत दहावीच्या क्लासमध्ये अडकलेली, आणि मग कधीतरी जाणं बंद पडलं. शेवटची वेळ कुठली होती ते आज मला आठवतच नाही, खूप डोकं खाजवलं तरी नाही. लोक म्हणतील त्यात काय, पण मला ते लागतं. म्हणून मुलांच्या बाबतीत म्हणलं, यावेळी जरा डोळे उघडे ठेवून थांबूया.

तर कसं ओळखायचं.

इमॅजिकाला आम्ही पहिल्यांदा गेलो डिसेंबर २०१३ ला, पार्क त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. धाकटी दहा महिन्यांची, तिला आजीकडे ठेवलेलं, मोठा सहा वर्षांचा. आमच्याकडे तेव्हा गाडी नव्हती म्हणून खोपोली लोकल, आणि नंतर गाडी आली तरी लोकलच, कारण मोठ्याला कर्जतनंतरची स्टेशनं पाठ झालेली, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, तो ती पाढ्यासारखी म्हणायचा. पुढे रिक्षा. येताना कर्जतला उतरून वडा खायचा हा नियम, आणि कर्जत सुटल्यावर डोंबिवली येईपर्यंत एक खेळ, आज सगळ्यात भारी काय होतं ते प्रत्येकाने एकेक सांगायचं. मी ती उत्तरं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवायचे, उगाच, सवय म्हणून. आणि या नोट्सनीच सगळा उलगडा केला, म्हणून सांगते की हे आजपासून सुरू करा, फुकट आहे.

२०१३ ला मोठ्याचं उत्तर होतं राजासोरसची राईड. बोटीतून जाताना डायनासोर अंगावर येतो ती. नंतर मी त्याला शोधून सांगितलं की राजासोरस हा खराच आपल्याकडचा डायनासोर आहे, गुजरातेत खेडा जिल्ह्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ ला त्याचं नाव ठेवलं राजासोरस नर्मदेन्सिस, तर पुढचे सहा महिने घरात दुसरा विषय नव्हता. २०१६ ला बर्फ, कारण त्या वर्षी स्नो पार्क सुरू झालेलं. २०१८ ला नायट्रो, म्हणजे तिथली मोठी रोलर कोस्टर, कारण त्या वर्षी तो एकदाचा उंचीच्या पट्टीला पोचला. त्याआधी दरवर्षी पट्टीखाली उभं राहून टाचा वर करायचा आणि तिथला माणूस हसून मान हलवायचा. २०१९ ला परत नायट्रो. मग २०२० आणि २१ आम्ही गेलोच नाही, कोविड. २०२२ ला त्याचं उत्तर, "कर्जतचा वडा". आम्ही हसलो. २०२३ ला नवऱ्याचं उत्तर वडा, माझं उत्तर खिडकीची जागा, मोठा म्हणाला "काही खास नाही, पण ठीक होतं". फक्त धाकटीने तीन राईडची नावं एका दमात घेतली.

नोट्स एकाखाली एक वाचल्यावर कळलं की आम्हाला हवा होता तो दिवस, ती लोकल, तो वडा, चौघं एका बाकावर, पार्क त्याच्या मधे होतं इतकंच. तर पहिला प्रयोग हाच, की परत येताना लोक कशाबद्दल बोलतायत ते ऐका. सलग दोन वर्षं उत्तरात गेटच्या आतलं काही नसेल तर तुम्ही गेटच्या बाहेरच्या गोष्टीसाठी तिकीट काढताय.

दुसरा प्रयोग बॅगांचा. हा मला फार उशिरा सुचला. प्रत्येक ग्रुपमध्ये एक माणूस असतो जो बॅगा, चपला, चष्मे, मोबाईल सांभाळत बाकावर बसतो. आधी ते आळीपाळीने असतं. बॅगा कोणाकडे आणि किती वेळ हे मोजा, खरंच मोजा. २०१५ ला माझ्या नऊ राईड झालेल्या, नवऱ्याच्या अकरा, मोठ्याच्या आठ, म्हणजे तिघांच्या मिळून २८. तेव्हा बॅगा लॉकरमध्ये होत्या. २०२३ ला माझ्या दोन (त्यातली एक कॅरोसेल, तीही पाय दुखत होते म्हणून बसायला मिळेल या हिशोबाने), नवऱ्याच्या तीन, मोठ्याच्या चार आणि उरलेला वेळ तो फोनवर. तिघांच्या मिळून ९. गर्दी नव्हती, मंगळवार होता, लाईन पण लहान होत्या, आम्हालाच उठावंसं वाटत नव्हतं. धाकटीच्या एकटीच्या चौदा झाल्या, त्या पण ट्रेनमध्ये भेटलेल्या दुसऱ्या एका मुलीबरोबर, तिचे आईवडील आमच्या शेजारच्या बाकावर, त्यांच्या पण मांडीवर बॅगा.

पैशाचा हिशोब इथेच करून टाकते, कारण लोक तो चुकीचा करतात. म्हणतात तिकीट महाग झालं म्हणून जात नाही. अहो तिकीट तर वाढणारच, शिवाय त्यात टॅक्स पण खालीवर होतो, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा पार्कच्या तिकिटावर २८ टक्के लागायचा, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ वर आणला, त्यामुळे या वर्षीचं तिकीट त्या वर्षीच्या तिकिटाशी लावून बघण्यात फारसा अर्थ नाही. एकूण खर्च, म्हणजे तिकीट, प्रवास, खाणं, लॉकर सगळं, भागिले प्रत्यक्ष केलेल्या राईड, हा आकडा काढा. आमच्या २८ च्या ९ झाल्या, म्हणजे तिकीट एक रुपयाने वाढलं नसतं तरी आम्हा तिघांना एक राईड तिपटीने महाग पडली. धाकटीला मात्र मस्त स्वस्त पडली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

शरीराचं थोडक्यात. नायट्रो साधारण ४० मीटर उंच आहे, म्हणजे बारा-तेरा मजली बिल्डिंग, वेग ताशी १०५ किलोमीटर (एक्सप्रेसवेवर गाडीला १०० ची मर्यादा आहे, त्याच्यावर!), पाच वेळा उलटं करते आणि पायाखाली फरशी नाही, पाय लोंबकळत. चाळिशीपर्यंत मी ती करून वर हसत उतरायचे. नंतर मान दुखायला लागली आणि ती चार दिवस दुखायची. सिम्युलेटरचं तर विचारूच नका, डोळे सांगतात आपण उडतोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो की बये तू खुर्चीत आहेस, दोघांच्या भांडणात पोट ढवळतं. राईडच्या तोंडाशी पाटी असते, मान, पाठ, हृदय, बीपी, गरोदरपण. ती आपण इतकी वर्षं न वाचता पुढे जातो. ज्या दिवशी तुम्ही ती पाटी थांबून पूर्ण वाचता आणि वाचून जरा सुटल्यासारखं वाटतं, त्या दिवशी त्या राईडपुरतं तरी उत्तर मिळालं.

आता पासवाल्यांसाठी. माझी नणंद कॅलिफोर्नियात अर्वाइनला असते, डिस्नेलँडपासून गाडीने अर्ध्या तासावर, आणि ती वर्षाचा पास काढणाऱ्यातली. पूर्वी तिकडे ॲन्युअल पासपोर्ट होता, तो जानेवारी २०२१ मध्ये बंद केला आणि ऑगस्टमध्ये मॅजिक की नावाने नवा पास आणला. पासची गंमत अशी की तो घेताना आपल्याला वाटतं पैसे वाचले, आणि मग वर्षभर आपण तो वसूल करत हिंडतो. ती सांगायची, शनिवारी खरं तर झोपायचं असतं पण पास आहे ना, जाऊन येऊ दोन तास. तिने मग एक करून बघितलं जे मला फार आवडलं. प्रत्येक खेपेनंतर फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ती खूण करायची, पास नसता तरी आज तिकीट काढून गेलो असतो का? हो असेल तर बरोबरची खूण, नाही तर फुली. वर्षअखेर बावीस खुणा झाल्या, त्यात बरोबरच्या चार. पासवाल्यांनी रिन्यू करायच्या आधी हे नक्की करा, आणि बरोबरच्या खुणा गुणिले एका दिवसाचं तिकीट हे पासच्या किमतीपेक्षा कमी असेल तर पास सोडा, हवं तर ते चार दिवस तिकीट काढून जा. पास सोडणं आणि पार्क सोडणं यात फरक आहे, बरेच जण दोन्ही एकच समजून उगाच रडतात.

तिचंच अजून एक. तिची लाडकी राईड स्प्लॅश माउंटन, ती तिकडे १९८९ ला सुरू झालेली, म्हणजे बघा आमच्या एस्सेल वर्ल्डच्याच वर्षी. ती ३१ मे २०२३ पासून बंद झाली आणि त्याच पाण्यावर नवी गोष्ट घेऊन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दुसरी राईड उघडली. नणंद त्या मे महिन्यात पाच वेळा गेली. मी विचारलं आता? म्हणाली आता जाते तेव्हा तिथल्या बाकावर बसते. म्हणजे तिचं डिस्नेलँड मुळात एक राईड आणि एक बाक एवढंच होतं. लाडकी राईड गेली म्हणून लगेच थांबू नका हे खरं, नवी एकदा करून बघायचीच, कधीकधी तीच लाडकी होते. पण त्या राईडशिवाय पार्कात तुमचं असं दुसरं काय आहे ते मोजा. तीन गोष्टी सांगता आल्या नाहीत तर विचार करा.

आणि एक, हे जरा लाजायला लावणारं आहे. वारंवार जाणाऱ्याला जागेपेक्षा आपण माहितगार असण्याची मजा जास्त असते. कुठल्या लाईनला उजवीकडून लवकर नंबर लागतो, कुठलं बाथरूम रिकामं असतं, जेवायला बाराच्या आत बसायचं, हे नवीन पाहुण्यांना सांगताना आमच्या नवऱ्याची छाती अशी फुगते की विचारू नका. भाचे कंपनी आली की तो गाईड. पार्क नकाशा बदलतं, नियम बदलतं तेव्हा या लोकांना सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्यांची विद्या जाते. तुमची चीड त्या प्रकारची आहे का बघा. असेल तर नव्या पार्कात जा, परत पहिलीपासून शिका, दोन वर्षात तिथले पण पंडित व्हाल.

एवढं सगळं करून पण कळत नसेल तर सरळ एक वर्ष उपास करा. जाहीर न करता. फक्त तारीख ठरवू नका आणि बघा कोण विचारतं. आमच्याकडे कोविडने तो उपास घडवला, दोन वर्षं, आणि मला नंतर लक्षात आलं की त्या दोन वर्षात मोठ्याने एकदाही इमॅजिकाचं नाव काढलं नव्हतं, धाकटीने मात्र दर रविवारी. तेव्हाच कळायला हवं होतं. उपासात एकच पथ्य, जुने फोटो कोणाला दाखवायचे नाहीत. फोटो दाखवले की सगळेच हो म्हणतात.

आता धाकटीचं, म्हणजे मघाशी म्हणाले ते लक्षात ठेवा. थांबायचं ते सगळ्यांनी एकदम नाही. आमची चूक हीच होत होती, की आपण फॅमिली म्हणून जातो तर फॅमिली म्हणूनच थांबायचं. मोठा सतरा वर्षांचा, त्याचं झालं. आमचं झालं. ती अकरा वर्षांची, ती आत्ता कुठे त्या उंचीच्या पट्टीच्या वर गेलीये, भावाने २०१८ ला जे बघितलं ते ती आता बघतेय, तिला आम्ही दमलो म्हणून बास म्हणणं हा अन्याय आहे. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा वेगळा निर्णय करा, कागदावर चार नावं लिहा आणि प्रत्येकापुढे हो नाहीतर नाही. ज्यांचं हो आहे त्यांना नेणारं कोणीतरी शोधा, शाळेची सहल, मावशी, मैत्रिणीचे आईबाबा, आणि ज्यांचं नाही त्यांनी त्या दिवसाचं दुसरं काहीतरी करा. मोठ्याला विचारलं तर म्हणाला मला फक्त डिसेंबरातली लोकलची ट्रिप चालेल, पार्क नको. हेही उत्तरच की.

शेवटची फेरी करायची का? माझं मत, करायची, पण सांगून नाही. मुलांना "ही शेवटची हं" म्हणलं की दिवसभर सगळे तोंड पाडून फिरतात आणि आई प्रत्येक ठिकाणी फोटो काढत बसते. मनात ठेवा. पण फार लांबवू पण नका, कारण पार्क तुमच्यासाठी थांबत नाही. दिल्लीचं अप्पू घर (आपलं निगडीचं नव्हे) १९८४ ला सुरू झालं आणि २००८ च्या फेब्रुवारीत बंदच झालं, दिल्लीतल्या एका पिढीचं लहानपण तिथे गेलेलं, आणि "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणणाऱ्यांचं राहूनच गेलं. शेवटच्या फेरीत नवीन काही करायचं नाही, जी राईड सगळ्यात आधी केली होती ती करायची. आम्ही नकळत केली खरं तर. २०२३ ला निघता निघता मोठा म्हणाला चल आई राजासोरस, मी म्हणलं भिजशील, म्हणाला भिजू दे. सोळा वर्षांचा घोडा, पुढच्या सीटवर बसून डायनासोर आल्यावर खोटं खोटं ओरडला, माझ्यासाठी.

ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला मी दोन दिवसांनी उत्तर टाकलं. धाकटी तिच्या मैत्रिणीकडच्यांबरोबर जाणार, तिकीट आम्ही काढून देणार, आम्ही तिघं त्याच लोकलने कर्जतला उतरणार आणि संध्याकाळी ती तिथे भेटणार. भेटली तेव्हा केस ओले, आवाज बसलेला, आणि वडा खाता खाता नायट्रोबद्दल इतकं बोलली की मी नोट्समध्ये लिहायचं सोडून दिलं. मोठ्याने मधेच विचारलं, "अजून पाय लोंबकळतात का गं त्यात?"